पहिल्या बक्षिसाचा कांदा

विचारलंत म्हणून सांगते, पण आमच्या सुनेसमोर हा विषय काढायचा नाही. अजून तिच्यापुढे माझी मान वर होत नाही.

पिंपळगावला व्यापाऱ्याच्या खळ्यावर मी चाळीस वर्षं कांदा निवडलाय. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पोत्यांवरचे शिक्के जुळवत जुळवत वाचायला शिकले, तेही कोणाला न विचारता. म्हणून मला कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

सून सुनीता नाशकात एका मोठ्या ऑफिसात नव्यानं लागलेली, अजून कायम झालेली नव्हती. तिच्या साहेबांनी इमारतीच्या खालच्या दालनात बक्षीस मिळालेल्या नव्या कलेचं प्रदर्शन भरवलं आणि सगळी जबाबदारी टाकली हिच्यावर. चार वाजता मुंबईचे पाहुणे यायचे होते. ते नीट पार पडलं तर नोकरी पक्की. मी त्या दिवशी दवाखान्यातून तिच्याकडे गेले, संध्याकाळी सोबत घरी जायचं म्हणून. ती म्हणाली, "आई, इथं बसा. फक्त कशाला हात लावू नका हं."

मी काय रांगतं लेकरू आहे?

बसले. चित्रं पाहिली. एका चित्रात नुसता निळा रंग फासलेला, त्यालाही बक्षीस. मी एक शब्द बोलले नाही, देवाशपथ. मग कोपऱ्यात पाहते तर बारदानावर कांद्याचा ढीग आणि शेजारी वजनकाटा!

आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात आपल्याकडची ऑफिसं काय करतात? शेतकऱ्याकडून वर्षाचा कांदा एकदम मागवतात, टेम्पो येतो, खालीच ढीग ओततात आणि वाटून घेतात. मला दुसरं काय वाटणार? भिंतीवर पाटी होती, तीही वाचली. 'आईचा कांदा. प्रथम पारितोषिक.' म्हटलं, कृषी प्रदर्शनात नंबर काढलेला दिसतोय. जवळ गेले, तर नव्या उन्हाळ कांद्यात मागच्या वर्षीचा जुना मिसळलेला. कोंब आलेला, काळा पडलेला, नासका. पहिला नंबर आणि असला माल? माझ्या सुनेच्या ऑफिसाला कोणी फसवतंय आणि मी बघत बसू?

पदर खोचला आणि मांडी ठोकली.

वॉचमन आला. कांदेवाल्या मॅडम मांडामांड करायला यायच्या होत्या, त्या तुम्हीच का, असं विचारू लागला. मी म्हटलं, "मग काय तुला चित्रंवाली दिसते?" बिचाऱ्यानं बादली आणून दिली. मी एकेक कांदा घ्यायची, मान दाबून बघायची, जुना तेवढा बादलीत. बादली भरली, दारात कचऱ्याची घंटागाडी उभीच होती, त्यानं नेऊन तिच्यात ओतली.

जेवणाच्या सुट्टीत माणसं खाली उतरली आणि माझ्याभोवती गोल करून उभी राहिली. कोणी फोटो काढतंय, कोणी मान हलवतंय. मी म्हटलं, बघता काय, पिशव्या आणा. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आणल्या की! एका बाईनं हळूच विचारलं, यात आम्हीही भाग घ्यायचा आहे का. मी म्हटलं, प्रत्येकाला वाटा मिळणार, ढकलाढकली नको. दोन-दोन किलो तोलून दिले. वर सांगितलं की कांदा वाऱ्यावर ठेवा, पिशवीत कोंडू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खळ्यावर चाळीस वर्षांत कोणी एक टाळी वाजवली नव्हती हो. मी अशी फुगले की विचारू नका.

अडीचला सुनीता आली. सोबत साहेब आणि एक काडीसारखी पोरगी. सुनीताचा चेहरा पांढराफटक.

"आई, काय केलंत हे?"

"निवडून दिला. जुना सगळा काढून टाकला."

ती पोरगी बारदानापाशी खाली बसली. ओरडली असती तर मीही चार सुनावले असते. पण ती हळूच म्हणाली, "आजी, जुनाच माझा होता. आई गेली त्या वर्षी तिनं कांदाचाळीत भरलेला. नवा मी नुसता भरतीला आणला होता."

मी तशीच उठले. दाराकडे धावले. घंटागाडी कधीच गेली होती.

मग आम्ही सासूसुना निघालो, मजल्यामजल्यावर, टेबलाटेबलापुढे. न जाणो, एखादा जुना कांदा त्या पिशव्यांत गेला असेल. मी हात जोडून दिलेला कांदा परत मागत होते. एकानं तो भेळेत चिरून खाल्लासुद्धा होता. सुनीता डोळे पुसत होती आणि मला मात्र म्हणत होती, "आई, जपून, पायरी आहे." शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

तिसऱ्या मजल्यावर जाड चष्म्याचे एक गृहस्थ माझीच वाट बघत होते. म्हणाले, "निवडून देता ना मावशी? मग हा काय आहे?"

डब्यासोबत खायला त्यांनी कांदा चिरला होता. वरून ठणठणीत, आत काळाभोर, मधोमध पिवळा कोंब.

सुनीतानं दोन्ही फोडी उचलल्या आणि जिन्यानं खाली पळाली. त्या पोरीनं त्या ओंजळीत घेतल्या. मग उरलेला ढीग सगळा बाजूला सारला, दोन फोडी बारदानावर मधोमध ठेवल्या आणि दिवा त्यांच्यावर वळवला. चारला पाहुणे आले, त्या फोडींपुढून हलेचनात. जाताना साहेब सुनीताला म्हणाले, सोमवारी कायम झाल्याची ऑर्डर घेऊन जा.

सुटले म्हणायची मी. पण चाळीस वर्षं छातीठोक सांगत आले होते की माझ्या हातून नासका कांदा सुटत नाही. सुटला तो एक, आणि त्यांनी त्याच्यावर दिवा लावून ठेवलाय, सकाळी दहा ते सहा, अख्ख्या नाशिकला बघायला.