निघोज्याचे डेनारियस

मी रोमन नाणी जमवतो असं कळलं की आमच्या कंपनीतले लोक आधी हसायचे आणि मग भाव विचारायचे. मला दोन्हींचा सारखाच राग यायचा. चाकणकडे, निघोज्याजवळच्या एका कारखान्यात मी टूलरूममध्ये तपासनीस आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या डायमधल्या, म्हणजे धातूच्या साच्यांमधल्या, चुका काढायच्या, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे माझा स्वभाव खवचट झालाय असं घरी म्हणतात. असेलही.

नाद लागला तो पुण्यातल्या एका नाणे-प्रदर्शनात. तिथल्या एका विक्रेत्याकडे चांदीचा डेनारियस होता. आपला दीनार हा शब्द त्याच्याच गोतातला. आकाराने रुपयापेक्षा लहान, एका बाजूला सम्राटाचं डोकं, आणि सम्राटाच्या मानेवर छिन्नीचा आडवा घाव. विक्रेता म्हणाला, हा घाव बहुधा इथल्याच कुणा व्यापाऱ्याने घातलेला, आत तांबं आहे की काय हे बघायला. इकडून मिरी आणि कापड जहाजांनी तिकडे गेलं, त्याच्या बदल्यात चांदी आली, आणि आपल्या माणसाने पहिलं काम काय केलं, तर बादशहाच्या मानेवर छिन्नी ठेवली. तो व्यापारी मला फार आवडला. माझ्याच खात्यातला माणूस! दिवाळीचा बोनस त्या नाण्यात गेला आणि घरी आठवडाभर अबोला झाला.

हे सगळं ऐकून घेणारा जगात एकच माणूस होता. कंपनीच्या बसमध्ये तेरा वर्षं माझ्या शेजारी बसणारा माझा मित्र. तो मूळचा लातूरकडचा, दापोडीला राहायचा, आणि आमच्या टूलरूममधला सर्वांत चांगला डायमेकर होता; डावखुरा. मी चिंचवडला बसमध्ये चढायचो तेव्हा खिडकीची जागा त्याने माझ्यासाठी धरलेली असायची. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला तो माझ्या सख्ख्या भावाच्या आधी उभा होता. त्याने बनवलेल्या डायवर मी कितीही लाल शेरे मारले तरी डब्यातली चटणी पहिली मला द्यायचा.

त्याला मी रोम शिकवलं. मोशीपासून चाकणच्या चौकापर्यंत बस तुंबून असायची, तेवढ्यात एखादं साम्राज्य आरामात उभं राहून पडायचं. नाणी कशी पाडत ते सांगितलं तेव्हा तो खूश झाला. खाली एक डाय, वर एक डाय, मध्ये चांदीची चकती आणि वरून हातोडा. "हे तर आपलंच काम हाय की राव!" तो म्हणाला. पुढच्या सम्राटांनी चांदीत तांबं वाढवत नेलं आणि इथल्या व्यापाऱ्यांना जुनीच नाणी बरी वाटू लागली, हेही मीच त्याला सांगितलं. खरं नाणं कसं ओळखायचं ते सांगितलं. खोटं कशाने पकडलं जातं तेही सांगितलं. एकदा माझी दोन नाणी पंधरा दिवस घरी नेऊ दिली. त्याने ती कापसात गुंडाळून डब्याच्या वरच्या खणातून परत आणली.

वर्षभराने त्याच्याकडे स्वतःची नाणी येऊ लागली. मावशीच्या गावात एक सोनाराचं घर आहे, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक पेटी पडून आहे, म्हातारा एकेक नाणं काढून देतो, असं त्याने सांगितलं. मी मान डोलावली. दुसऱ्या कुणी ही कथा सांगितली असती तर मी त्याची सालं काढली असती.

प्रत्येक नाणं तो आधी मला दाखवायचा. मी वजन करायचो, जाडी मोजायला व्हर्नियर लावायचो, भिंगातून बघायचो. एकावरची अक्षरं मला जरा जास्तच ठळक वाटली, तसं बोललो. "म्हाताऱ्याला विचारतो," म्हणून त्याने ते खिशात टाकलं, ते पुन्हा दिसलंच नाही. पुढच्या नाण्यावरची अक्षरं मात्र छान झिजलेली होती. वजनं तर सगळ्यांची केसभरही न हलणारी. हातोड्याने पाडलेली नाणी कधी एकसारखी भरत नाहीत, कमी-जास्त व्हायचीच, हे मला पाठ होतं. पण उभा जन्म ज्याने एकसारख्या मापाला पास आणि फरकाला नापास केलं, त्याला एकसारखेपणा दिसला की बरंच वाटतं. मलाही बरं वाटलं. एकाच पेटीतली, चांगली जपलेली, असं मी माझं मीच ठरवून टाकलं आणि त्यातली पाच स्वतःसाठी ठेवून घेतली.

महिन्यातून एका रविवारी आम्ही आठ-दहा संग्राहक चिंचवडला जमायचो. तिथे मी त्याला घेऊन गेलो. त्याने नाणी टेबलावर ठेवली आणि गप्प बसला. बोललो मी. राजगुरुनगरचे एक निवृत्त गुरुजी आमच्यातले सर्वांत जाणते. त्यांनी एक नाणं उलटसुलट करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बघितलंय ना? मग झालं," म्हणाले आणि विकत घेतलं. मग बाकीच्यांनीही घेतली. त्या दिवशी मी केवढा फुगलो होतो, आठवलं की अजून लाज वाटते.

उघडकीला आलं ते अगदी साध्या गोष्टीने. आमच्याकडे काम झालं की कापलेल्या काठाची बर काढतात. बर म्हणजे काठाला राहिलेली कुसळासारखी धार. कुणाचं बोट कापू नये म्हणून कानशीचा एक हलका हात फिरवायचा, हे आयटीआयत पहिल्याच आठवड्यात शिकवतात आणि मग झोपेतही हात तेच करतात. एका सोमवारी मित्राने बनवलेला इन्सर्ट, म्हणजे डायमध्ये बसवायचा तुकडा, माझ्या टेबलावर आला. सवयीने मी काठावरून अंगठा फिरवला आणि थांबलो. आदल्याच दिवशी नाणी पुसताना अंगठ्याला हाच काठ लागला होता. तोच बारीक उतार, तोच डावखुरा हात, सुरुवातीला किंचित जास्त दाब. रोमच्या टांकसाळीत कुणाला पडली होती बोटांची काळजी? तिथल्या नाण्यांचे काठ फाटलेले, चिरलेले असायचे.

घरी जाऊन सगळी नाणी काढली. विक्रेत्यांकडून पावतीने घेतलेली माझी जुनी नाणी खरीच होती. त्याने दिलेली पाचही निघोज्याची होती.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या मागे त्याला गाठलं आणि नाणी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने अंगठा फिरवला आणि चक्क हसला.

"च्यायला, काठ ऱ्हायला," म्हणाला.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

"कशाला तापायलास भावा? चांदी तर खरी हाय ना? आन् मी कुणाला म्हणलो का, जुनी हाय म्हणून? तू म्हणलास. तुझ्या तोंडाकडं बघून घेतली लोकांनी."

"आणि मला का दाखवायचास?"

"तू पास केलंस की मला कळायचं, जमलं म्हणून."

पैशासाठी केलं असतं, अडचण होती असं म्हणाला असता, तर मी कदाचित दोन दिवसांनी निवळलो असतो. पण ज्या नजरेचा मला अभिमान होता, तीच त्याने माप तपासायचं गेज म्हणून वापरली होती. माझ्या प्रेमाचंही त्याने फिक्स्चर, म्हणजे काम जागेवर धरून ठेवायची चौकट, केलं होतं. त्या दिवसापासून मी बस सोडली आणि स्कूटरने जाऊ लागलो.

पुढच्या रविवारी राजगुरुनगरला गेलो. नाणं घेतल्यापासून दीड वर्षात गुरुजींचा फोन नव्हता. गुडघ्यांमुळे येत नसतील, असं मी धरून चाललो होतो. रविवारच्या बैठकीतली गर्दीही हल्ली कमी झाली होती, नवीन नाणं कुणी माझ्यापुढे ठेवत नव्हतं. माझ्या कडक शेऱ्यांना घाबरत असतील, अशी माझी समजूत होती.

मी सगळं सांगितलं. मित्र, डाय, काठ, काही लपवलं नाही. हात जोडले. मलाही फसवलं हो, म्हणालो.

गुरुजींनी आत चहा सांगितला. मग म्हणाले, "ते मला घरी आल्यावर आठवड्यातच कळलं होतं. इतरांनाही मीच सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला?" त्यांना खरंच नवल वाटलं. "तुमच्या नजरेतून हे सुटेल, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही."

आतून चहा आला. त्यांनी माझा कप माझ्याकडे सरकवला.

"तुमचा वाटा किती असायचा?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, नुसतं माहिती म्हणून.

"काही नव्हता हो," मी म्हणालो, आणि ते माझ्याच कानांना खोटं वाटलं.