विसळायची भांडी

भांडी धुण्याचं मशीन मी घरात आणलं ते बायकोच्या हातांसाठी, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. आईला एक वाक्य बोलायचं धाडस मला होत नव्हतं, म्हणून मी मशीन आणलं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही जळगावात होतो, मी ठिबक सिंचनाच्या कारखान्यात सर्व्हिसला. बायकोच्या दोन्ही हातांना भेगा पडत. जिवाच्या कराराने भाकरी थापायची, मीठ लागलं की तोंडातून आवाज न काढता डोळे मिटायची. कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, साबण आणि पाण्यापासून हात लांब ठेवा. भांडी घासायला बाई येत होती. पण आमच्याकडे बाईने घासलेली भांडी तशीच घरात येत नसत. मागच्या ओट्यावर ठेवायची, मग घरच्या सुनेने चांगल्या पाण्याने एकेक विसळून आत घ्यायची. आईच्या माहेरी, शिंदखेड्याकडे, तसंच होतं आणि आईने ते कधी सोडलं नाही. म्हणजे दोन्ही वेळचे पंचवीस-तीस नग रोज बायकोच्या हातांखालून जात.

"आईंना एकदा सांगा ना, डॉक्टर काय म्हणाले ते," बायको म्हणाली.

"सांगतो," मी म्हणालो. असं चार वर्षं म्हणालो.

मशीनच्या दुकानातले शेठ मारवाडी, बोलायला गोड. "साहेब, गावात हे दुसरंच. पहिलं एका डॉक्टरांकडे दिलं. त्यांच्या मिसेस त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवतात."

"चालत नाही का?"

"चालतं ना. पण वाटी धुवायला दोन तास लागतात म्हणून रागावल्या."

त्यांनी सोबत पावडर आणि खास मिठाची पिशवी दिली. पाणी जड असेल तर मीठ घालत राहा, संपलं की मुंबईहून मागवून देतो, म्हणाले. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरायची. मला ते कोणी सांगायची गरज नव्हती; माझा धंदाच तो.

पहिल्या दिवशी आई मशीनसमोर पाट टाकून बसली. आतून सळसळ ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "पानी बदलस का?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, की तेच पाणी काही वेळ आत फिरतं, मग शेवटी नवं येतं.

"तेच तेच उष्टं पानी फिरस मझार. त्यामा धुयेल ताट माले नको."

झालं. मशीनमधून निघालेली भांडी ओट्यावर गेली आणि बायको त्यांच्याजवळ बसली. मी वर्तमानपत्र उघडलं.

दोन महिन्यांत मीठ संपलं. शेठ म्हणाले, पुढच्या आठवड्यात येतं. पुढचा आठवडा तीनदा आला. ताटांवर पांढरी धूळ दिसायला लागली, पेले आंधळे झाले, मशीनच्या आत खपली धरली. बायको म्हणाली, "मेकॅनिकला विचारा आधी."

"पाण्याचं मला सांगू नकोस," मी म्हणालो.

नशिराबादपासून पुढच्या सगळ्या शेतांत मी हेच करत फिरायचो. क्षारांनी नळ्यांची भोकं बुजली की पाण्यातून ॲसिड सोडायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, मग धुऊन काढायचं. शेतकरी मला ॲसिडवाले साहेब म्हणायचे. आई एका लग्नाला शिंदखेड्याला गेली होती, तेव्हा एका रविवारी मी गोदामातली बाटली घरी आणली आणि मशीनमध्ये ओतली. किती ओतलं ते मोजलं नाही. शेतावर मात्र मी मापाशिवाय हात लावू देत नसे. बायको दारात पदर नाकाला लावून उभी होती. मशीन आतून चकचकीत झालं. मी तिला बोलावून दाखवलं. आठ दिवसांनी पाणी तापायचं बंद झालं आणि खालून गळायला लागलं.

मी दुकानात जाऊन मशीन मुळातच खराब निघालं, बदलून द्या, अशी तक्रार लिहून दिली. मग चकरा सुरू झाल्या. नाशिकहून माणूस येईल. नाशिकचा माणूस रजेवर आहे. पार्ट मुंबईला पाहायला लागेल. मी काउंटरवर हात आपटायचो, बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायची. इतकं मोठ्याने ओरडताना मला स्वतःलाच पटलं होतं की माझी फसवणूक झाली आहे. दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात बाई गावाला गेली होती, घासणं आणि विसळणं दोन्ही बायकोकडे. रात्री ती हातांना तूप लावून, जुने मोजे चढवून झोपायची.

शेवटी एका शनिवारी दुपारी मेकॅनिक आला. तिशीतला, अबोल माणूस. आई परत आली होती, पाटावर बसली होती. त्याने खालचं झाकण काढलं, बॅटरी मारली आणि आतलं रबर बोटाने दाबून पाहिलं.

"साहेब, यात ॲसिड कोणी टाकलं?"

माझी तक्रार त्याच्या फाइलमध्ये होती. खाली माझी सही होती. मशीन बदलून मिळणार की नाही, ते आता माझ्या उत्तरावर होतं.

"ॲसिड?" मी म्हणालो.

"रबर फुगलंय. हीटर खाल्लाय. साध्या पाण्याने असं होत नाही."

आई म्हणाली, "तीच टाकस काही बाही. सैपाकघर तिनंच शे."

मी आईला थांबवलं नाही. उलट हसल्यासारखं केलं. "घरात बायका काय टाकतात, आपल्याला काय कळणार हो?"

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने ऐकलं होतं. मेकॅनिकने कप घेताना तिच्या बोटांकडे पाहिलं. लाल, फाटलेली, नखांपाशी सालं निघालेली बोटं.

"ताई, ॲसिडनेच भाजले का हात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी मशीनकडे पाहत होतो.

"हो," ती म्हणाली.

त्याने चहा संपवला, फाइल उघडली आणि लिहिता लिहिता मला हळूच म्हणाला, "ताईंचे हात बघून ॲसिडचं लिहीत नाही. हीटर खराब निघाला असं लिहितो. पण साहेब, त्यांना काही बोलू नका. आधीच भोगलंय त्यांनी."

मी त्याचे आभार मानले.

तीन आठवड्यांनी टेम्पोतून नवं मशीन आलं, मिठाच्या दोन पिशव्यांसकट. संध्याकाळी पहिली भांडी निघाली. बायको टोपलं उचलून मागे गेली. मला ते बघवेना. मी जाऊन तिच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि ओट्याशी उकिडवा बसून ताटं विसळायला लागलो. ती उठून आत गेली.

आई दारात आली. "तू ऊठ बरं, भाऊ. हाई काय तुनं काम शे का? लोक काय म्हनतीन?"

मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशीही बसलो. तिसऱ्या दिवशी माझा पाय घसरला, शर्ट भिजला, शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या. आईने येऊन तांब्या हिसकावला.

"राहू दे आते. मशीननं धुयेल शे ना, चाली माले."

त्या दिवसापासून आमच्या घरात विसळणं बंद झालं. चार वर्षं बायकोच्या हातांकडे बघून जे झालं नाही, ते माझी बाही भिजलेली बघून तीन दिवसांत झालं. बायकोचे हात पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भरून आले.

ॲसिडचं मात्र आईला मी सांगितलं नाही. ती त्यानंतर सहा वर्षं होती. कोणी मशीन बघायला आलं की सांगायची, पहिलं सुनेनं ॲसिड टाकून घालवलं. बायको तिथेच असायची, पाहुण्यांना पाणी द्यायची.

आई गेल्यानंतर, तेराव्याची मोठी पातेली मी आणि बायको मिळून मशीनमध्ये लावत होतो, तेव्हा मी तिची माफी मागितली. त्या शनिवारची. तिने हातातलं पातेलं नीट पालथं ठेवलं.

"मला काय सांगता? मला माहीतच होतं," ती म्हणाली. "आईंना सांगायचं होतं."

मग तिने मिठाचं झाकण उघडून आत पाहिलं, आणि पिशवी आणायला मला आत पाठवलं.