समोरच्या गॅरेजवाल्याचं पॉलिश मशीन

जव्हारला माझ्या भाकरीच्या टपरीसमोर त्याचं गॅरेज आहे. ठाण्यात काम करून आल्यापासून तो मशीनशी हिंदीतच बोलतो, "चल भाई, धीरे से." गाडीचा रंग चमकवायचं मशीन घ्यायला तो नाशिकला गेला. दुकानदार म्हणाला, नवशिक्याला थरथरणारं बरं. गरगर फिरणारं रंग जाळतं. याने गरगर फिरणारंच आणलं. म्हणाला, "थरथरायला माझे हात आहेत की!"

भंगारातल्या दारावर हात बसवून त्याने साखरशेतच्या नवरदेवाची लाल जीप पॉलिशला घेतली. वरात दुसऱ्याच दिवशी होती. चकाकी बघण्याच्या नादात तो मशीन सरकवायचं विसरला आणि बॉनेटवर एकाच जागी धरून बसला. मला गरम रंगाचा वास आला. मी परक्या पुरुषांशी बोलत नाही, पण तोंडातून निघालंच, "अहो, फिरवा! करपेल!"

त्याने झटकन मशीन उचललं. पत्रा तव्यासारखा तापला होता, पण रंग शाबूत होता.

आभार वगैरे त्याने मानले नाहीत. आता मात्र पॉलिश करताना मधूनच ओरडतो, "बाय, करपतंय का गं?" सगळा रस्ता हसतो. मी मान वर करत नाही, पण वास घेते.