चार वाजताची हजेरी

दुपारचे चार वाजले की आमच्या वरच्या मजल्यावरून नावं ऐकू यायची. एकामागून एक, एकाच संथ सुरात, चाळीसेक नावं. पहिल्या दिवशी मी पंखा बंद करून ऐकलं. रोडपालीतल्या आमच्या घरात भाडेकरूंची भांडणं पुष्कळ ऐकली होती, पण असलं काही कधी ऐकलं नव्हतं.

नावं घेणाऱ्या होत्या माहोरोआजी. काँगोच्या उंच डोंगरांवर गाई राखणाऱ्या बन्यामुलेंगे लोकांपैकी. त्यांची नात एस्तेर पनवेलला फार्मसी शिकायला आली, कामापुरती हिंदी शिकली आणि डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आजीला घेऊन आली. आजी उंच, ताठ. खांद्यावर गाठ मारलेलं कापड. दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरायच्या. मी पहिल्यांदा दूध दिलं तेव्हा त्यांनी एस्तेरकरवी विचारलं, या गाईचं नाव काय? मी पिशवीवरचं डेअरीचं नाव वाचून दाखवलं. त्यांचं समाधान झालं नाही.

माझ्या सासूबाई हिराबाई. वय ऐंशी, आणि कुठे काय चाललंय हे कळल्याशिवाय जेवण पचत नाही. त्या रोज वर जाऊन बसू लागल्या. एक बोलायची आगरी, दुसरी तिची भाषा, मधे एस्तेर, आणि एस्तेरची हिंदी समजावायला मी.

असं कळलं की आजींच्या आजीच्या लहानपणी त्यांच्यात ख्रिस्त नव्हता. अंगणात पितरांसाठी कमरेएवढी झोपडी असे, तिच्यात दूध ठेवत. मग खाली सरोवराकडे मिशनऱ्यांच्या शाळेत गेलेली पोरं गाणी आणि प्रार्थना घेऊन वर आली. त्या आजीने प्रार्थना धरली आणि झोपडीतलं दूध बंद केलं. सासऱ्याने तिला घराबाहेर काढलं. प्रार्थना करणाऱ्यांना तेव्हा मार पडे, म्हणून ही माणसं रानात लपून जमत आणि आधी नावं पुकारत. कोण पोचलं, कोणाला वाटेत धरलं, ते कळावं म्हणून. पुढे डोंगरावर ठिकठिकाणी प्रार्थनेची देवळं झाली, तो सासराही तिथे जाऊन बसू लागला. पण त्या घराने हजेरी सोडली नाही.

"मंग पितर उपाशी रायले?" सासूबाईंनी विचारलं. पित्रपाखात त्या स्वतः पितरांना जेवणाची वाडी ठेवतात, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा.

आजींनी त्यांच्या आजीचं उत्तर सांगितलं. ते त्या नेहमीच सांगायच्या. "मेलेल्यांचं देव बघतो. हाक जिवंतांना मारायची."

मग लढाया झाल्या. गावं जळाली, गाई हाकून नेल्या, हजेरीतली माणसं तीन-चार देशांच्या छावण्यांत पांगली; आजीही त्यांतल्याच एका छावणीत. तेव्हापासून आजींना एक कळू लागलं. एखाद्या दुपारी एखादं नाव जिभेवर येईना, की ते माणूस गेलेलं असे. एस्तेरने हे इतक्या सहज सांगितलं की मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं.

सासूबाईंना मात्र भारी हौस. "माजा पन नाव घे." तेव्हापासून यादीच्या शेवटी "हिरा" ऐकू येऊ लागलं.

एका दुपारी आवाज मधेच थांबला. मी धावत वर गेले. आजींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. एस्तेर हळूच म्हणाली, "योहानाआजोबा." आजींचा धाकटा भाऊ. मला हायसं वाटलं. दुसऱ्याचा भाऊ गेला आणि मला हायसं वाटलं, याची लाज अजून जात नाही. तिसऱ्या दिवशी छावणीतून फोन आला.

सगळं आवरल्यावर आजी एकदाच रडल्या. भावासाठी नव्हे. भाऊ तिकडे रोज त्यांचं नाव घ्यायचा. स्वतःचं नाव स्वतः घ्यायची रीत नाही. त्या म्हणाल्या, "आता मी आहे की नाही, हे कोणाला कळणार?"

सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "तुजा नाव मी घेन."

डोळे बरे झाल्यावर आजी परत छावणीत गेल्या. पाठोपाठ शिक्षण संपवून एस्तेरही गेली. सासूबाई रोज चारला ओट्यावर वाल सोलत बसायच्या आणि एकदा म्हणायच्या, "माहोरो." येणारेजाणारे हसायचे. दोन वर्षं खाडा नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी त्या नुसत्याच बसलेल्या दिसल्या. वाल तसेच.

"तिचा नाव तोंडान येत नाय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, वय झालंय, विसरलात. कानाशी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, तोंड उघडलं, ओठ हलले. आवाज नाही. पाच वेळा सांगितलं, पाचही वेळा तसंच. बाकी सगळं त्या घडाघडा बोलत होत्या. मी फोन उचलला आणि परत ठेवला. मला लावायचाच नव्हता. चौथ्या दिवशी एस्तेरचाच आला.

मी रडले, सासूबाई नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर चारला त्या ओट्यावर बसल्या. मी आत भांडी घासत होते.

"मंदा," त्यांनी हाक मारली.

मी हात पुसत बाहेर आले. काय हवंय, विचारलं.

"काय नको. तुजा नाव येतंय का बगत होते," त्या म्हणाल्या, आणि वालाची शेंग उचलली.