सगळं निवडा, काढून टाका

भोपाळमधल्या मराठी लोकांची एक ईमेल यादी आहे. कुणीही सदस्य व्हावं, कुणीही लिहावं. एकानं लिहिलं की सगळ्यांना पोचतं. तिची राखण गेली नऊ वर्षं माझ्या गळ्यात आहे. एका सभेत मी "मला कॉम्प्युटर येतो" एवढंच बोलले होते. सभेत असं काही बोलू नये, हे मला नंतर कळलं.

राखण म्हणजे कचरा काढणं. आठवड्याला खरंखुरं पत्र एखादं येतं: कुणी नागपूरला जाणार आहे, येताना भाजणी आणायची का, कुणाच्या भाच्यासाठी स्थळ हवंय. बाकी सगळं वजन उतरवा, लॉटरी लागली, घरबसल्या काम, एकट्या बायकांशी मैत्री. संशयास्पद पत्रं यादीवर न जाता एका रांगेत अडकतात आणि रोज सकाळी, कोटरा भागातल्या घरातून ऑफिसला निघण्याआधी, मी ती रांग बघते. सुरुवातीला प्रत्येक पत्र उघडायची. मग नुसते विषय वाचू लागले. मग फिल्टरला नियम घालून दिले: विषय सगळाच्या सगळा इंग्रजी कॅपिटल अक्षरांत असेल, त्यात 'अर्जंट' असेल, 'लेडीज' असेल, तर अडव. शेवटी शेवटी तर विषयही वाचेना. 'सगळं निवडा' आणि 'काढून टाका', दोन टिचक्या. कुणी आभार मानत नाही, पण एक घाणेरडं पत्र सुटलं की दहा जण फोन करतात. अक्षरशः वीट आला होता मला.

यंदाच्या हिवाळ्यात बिट्टन मार्केटच्या हाटात बरखेड्याचे एक काका भेटले. तिथल्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त होऊनही त्यांना वीस-बावीस वर्षं झाली असतील. मटार निवडता निवडता मी सहज विचारलं, "काकू कशा आहेत?"

"आहे," ते म्हणाले. "यादीवर पत्र टाकलं होतं मी. दर सोमवारी, चारदा. कोणाले वेळ नसन. आपापले व्याप राहतात लोकांचे."

तक्रार नव्हती आवाजात, तेच जास्त लागलं. मला तर त्यांचं एकही पत्र आठवेना. मटार तसेच सोडून घरी आले आणि कचऱ्याची पेटी उघडली. टाकलेलं महिनाभर राहतं तिथे. तीन पत्रं सापडली. चौथं मुदत संपून गेलं असणार. तिन्हींचा विषय एकच, कॅपिटल अक्षरांत: 'अर्जंट रिक्वायरमेंट. लेडीज फॉर टॉकिंग. डेली वन अवर. अ‍ॅट रेसिडेन्स.'

मी आधी हसले. खोटं कशाला बोलू, मोठ्यानं हसले. ड्रॉइंगवरचं अक्षर कॅपिटलच असावं लागतं आणि ऑफिसातली प्रत्येक मागणी 'रिक्वायरमेंट' असते. जन्मभर त्या माणसानं दुसरं काही लिहिलंच नव्हतं. मग पत्र उघडलं. आत मराठी होतं, पण तेही रोमन कॅपिटलमध्ये, आकडे घालून. एक, पत्नीचे वय एकोणऐंशी. दोन, आजारानंतर ती हिंदी पूर्ण विसरली आहे. तीन, कामाची बाई हिंदी बोलते, शेजारी हिंदी बोलतात, ही नुसती पाहत राहते. चार, माझ्याशी पन्नास वर्षे बोलून झाले आहे. पाच, तिला बायकांशी बोलायचे आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रिक्षा करून बरखेड्याला गेले. काकांनी दार उघडलं तसं उंबऱ्यातच सांगून टाकलं, "काका, तुमची पत्रं कुणाला गेलीच नाहीत. मीच न वाचता टाकून दिली."

वाटलं होतं, बोलतील. बोलायलाच हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला कळेना कुठे बघावं. वळून आतल्या खोलीकडे ते ओरडले, "ऐकलं का? लोकायनं वाचलंच नव्हतं! आपल्याले कोणी 'नाही' नव्हतं म्हटलं!"

काकू पलंगावर बसून होत्या. माझी साडी चिमटीत धरून त्यांनी निरखली आणि म्हणाल्या, "काऊन वं, इतका उशीर?" मग तासभर त्या बोलत होत्या: सांडगे कुठे वाळत घातलेत, धाकट्या जावेचा स्वभाव, कुणाच्या तरी बारशाला कमी पडलेले लाडू. मी फक्त "हो ना" म्हणत होते.

घरी येऊन मी ते पत्र स्वतः देवनागरीत नीट लिहून काढलं. साधा विषय दिला, खाली पत्ता दिला, आणि माझ्या हातानं यादीवर सोडलं. तीनशेच्या वर सदस्य आहेत. काका त्यांत नाहीत, ते यादीच्या पत्त्यावर नुसतं लिहितात. ते सगळ्यांना पोचलं, हे मी दोनदा तपासलं.

आठवडा गेला. एक उत्तर आलं: असे वैयक्तिक मजकूर यादीवर टाकू नयेत, मॉडरेटरने लक्ष द्यावे.

तेव्हापासून बुधवारी ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी मी बरखेड्याला जाते. पाय दुखतात, चिडचिड होते, तरी जाते. दर वेळी निघताना काका फाटकापर्यंत येतात आणि हळूच विचारतात, "पत्र गेलं का वो ताई यादीवर?"

"नाही हो काका," मी म्हणते, "त्या फिल्टरमध्येच अडकलंय अजून."