परत येण्याचं कारण

माझा दादा अठरा वर्षं इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीत बसतोय. नाकासमोर चालणारा माणूस. घरी आला की चपला सरळ लावतो, पाणी पितो, मग बोलतो, बोललाच तर. आई म्हणायची, "हा आपणहून बोलला की समजायचं, काहीतरी बिघडलंय."

त्याचं काम एकच. घरी सोडलेला पेशंट महिन्याच्या आत परत दाखल झाला, की त्याचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा. शेवटचा रकाना, 'परत येण्याचं कारण'. खाली नऊ कारणं, आणि दहावं 'इतर'. सुरुवातीला दादा फाइल काखोटीला मारून वॉर्डात जायचा. टाके कधीपासून ओले होते, गोळ्या कुणी बंद केल्या, सगळं विचारायचा. मग दिवसाला पन्नास फाइली यायला लागल्या. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून तो 'इतर' दाबायला लागला. "वाचतंय कोण?" म्हणायचा. मीही हसायचे. सगळेच कुठे ना कुठे पाट्या टाकतात, त्यात काय एवढं.

मग नव्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. इस्पितळाने आपल्याच चुकांवरून शिकायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. जुने फॉर्म चाळून कोणत्या ऑपरेशनची माणसं कशामुळे परत येतात ते शोधायचं, आणि पुढच्या पेशंटला घरी सोडताना डॉक्टरांच्या समोर तशी सूचना यायची. दादाने हे घरी कौतुकाने सांगितलं होतं.

त्याच वर्षी त्याच इस्पितळात आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी घरी सोडलं. सूचना काही आली नाही. आठव्या दिवशी तिला हुडहुडी भरली, टाक्यांतून पू यायला लागला. परत दाखल केलं. डॉक्टरीणबाई खाटेशी उभ्या राहून हताशपणे म्हणाल्या, "या ऑपरेशनची दोनशे माणसं परत आली होती. कशामुळे, ते कुठेच नाही. नुसतं इतर, इतर, इतर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

दादा आईचे पाय चेपत होता. त्याचे हात थांबले. मी त्याच्याकडे बघितलं नाही, मुद्दामच.

तीन दिवसांनी आई गेली.

मला त्याचा राग आला. अजून येतो. पण बोलत नाही, कारण त्याच्या त्या "वाचतंय कोण"वर मीही हसले होते.

रजा संपल्यावर दादा पुन्हा फाइली घेऊन वॉर्डात जायला लागला. खाटेशेजारी स्टूल ओढून एकेकाला विचारत बसतो. दिवसाला जेमतेम बारा फॉर्म होतात. साहेब सगळ्यांसमोर झाडतात. हा मान खाली घालून ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतो.

परवा जेवताना मी विचारलंच, "आईच्या फॉर्मवर काय भरलंस?"

"मी रजेवर होतो ना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी भरला. एकदा गेलेला फॉर्म दुरुस्त होत नाही."

"पण भरलं काय?"

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

"इतर," तो म्हणाला. "त्यांचा काय दोष? नवीन आल्या तेव्हा काम मीच शिकवलं होतं त्यांना."