चेटकिणीच्या हातचा शिरा

"शी! तेच बोट चाटून परत कढईत घातलं गं तिने!"

आमच्या मागच्या रांगेतली बाई बोलली आणि शेजारी बसलेल्या मावशींनी अंधारात माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचा पदर तोंडावर होता. पदराआडून त्यांनी हळूच विचारलं, "खरी किळस आली ना गो तिला? आवाजावरून खरी वाटली ना?"

मी मान हलवली. अंधारात हलवलेली मान दिसत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मला तेव्हा तोंडाने उत्तर द्यायची सवयच नव्हती.

पडद्यावरची चेटकीण म्हणजे आमच्या मावशीच होत्या. नाकाला चिकटवलेलं गाठाळ टोक, कानापर्यंत ओढलेल्या काळ्या रेघा, हिरवट गाल. गुहेत कोंडलेल्या राजकन्येसाठी ती कसलंतरी बुळबुळीत कालवण शिजवत होती. कोपरापर्यंत हात घालून ते ढवळत होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची एक तार सुटली, लोंबत लोंबत खाली आली आणि कढईत पडली. सबंध थिएटरच्या घशातून एकच आवाज निघाला.

पुढच्या माणसाने शेंगदाण्यांची पुडी मुकाट्याने मिटली आणि खुर्चीखाली ठेवली. राजकन्येला शिट्ट्या मारणारी खालची पोरं गप्प झाली होती; त्यातला एक ओरडला, "अरे बस कर यार, जेवून आलोय!" एका छोट्या मुलीने भोकाड पसरलं, तिचा बाप तिला खांद्यावर टाकून बाहेर घेऊन गेला. एक बाई रुमाल तोंडाला लावून दाराकडे पळाली. चेटकिणीने आपल्या हाताने पहिला घास राजकन्येच्या तोंडात कोंबला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडला होता. नाकपुड्या वर, वरचा ओठ मुडपलेला, डोळे बारीक. पण मिटलेले नाहीत. एकानेही डोळे मिटले नव्हते.

हा चेहरा मी रोज बघत होते. दूधवाल्याने माप लेंग्याला पुसलं की मावशी अशाच दिसायच्या.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जी दारात आलेल्या माणसाच्या चेहऱ्याआधी पाय बघते. भांडुपला आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्याच मजल्यावर, मावशी राहायच्या. कुणाची सख्खी मावशी नव्हे, सगळ्यांचीच. साबणसुद्धा वापरण्याआधी पाण्याखाली धुऊन घ्यायच्या. "काल कोणी हाताळला असेल, काय माहीत!" घरात त्या आणि काका, दोघंच, म्हणजे त्यांना काकांचाच संशय होता. लाडू मागायला गेलं की आधी हात दाखवायचा, तळव्याकडून आणि पाठीकडून. मी कॉन्व्हेंटमध्ये जायचे, त्यामुळे मला जादा टोमणा मिळायचा. "तुझ्या शाळेत येस-नो शिकवतात, नखं कापायला नाही शिकवत?"

मला ते आवडायचं, कारण त्यावर काही बोलावं लागत नसे. बाकीच्यांपुढे माझं मराठी म्हणजे करमणूक होती. एकदा गणपतीत मी चारचौघांत काहीतरी बोलले, त्याची नक्कल पोरांनी वर्षभर केली. तेव्हापासून मी नुसतं ऐकायचे आणि बघायचे. मावशी माझ्या बोलण्याला कधी हसल्याचं आठवत नाही. त्यांचं लक्ष माझ्या नखांवर असायचं.

काका गिरणीच्या संपात घरी बसले ते बसलेच. त्यानंतर घर चाललं ते मावशींच्या हातांवर. चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू, उन्हाळ्यात पापड. बिल्डिंगमध्ये पाहुण्यांपुढे बशी ठेवताना "मावशींकडचं आहे" एवढं म्हटलं की पुरायचं. लोक डोळे मिटून खायचे. दुकानातल्या चकलीत काय निघेल याचा नेम नाही. मावशींच्या चकलीत चकलीच असणार.

दिवाळी सोडली तर उरलेल्या दिवसांत त्या गोरेगावला स्टुडिओत गर्दीत उभ्या राहायच्या. कधी लग्नातली वऱ्हाडीण, कधी मयताला रडणारी. सोबत स्वतःचं पाणी, स्वतःचा कंगवा आणि खाली पसरायला स्वतःचा पेपर. या चेटकिणीच्या पिक्चरमध्येही त्या गावकऱ्यांतल्या एक होत्या. सेटवर एक माणूस कढईतलं कालवण हाताने ढवळत होता. त्याने हात बनियनला पुसला, मग बोट बुडवून चव घेतली. गर्दीत उभ्या मावशींचं तोंड वाकडं झालं ते झालंच. डायरेक्टरने नेमकं ते पाहिलं.

"ए मौसी, वो मुँह फिर से करो!"

सांगून ते तोंड येईना. शेवटी त्या माणसाला पुन्हा हात पुसायला आणि पुन्हा चाखायला लावलं, तेव्हा आलं. डायरेक्टर म्हणाला, यही चुडैल है. मावशी आम्हाला हे सांगताना हसून हसून बेजार झाल्या. "बघ गो, किळस केली मी त्याची, आणि चेटकीण कोण झाली? मीच!"

मात्र त्यांनी एक अट घातली. ते कालवण तोंडात घालायचं असेल तर ते त्या स्वतः घरून करून आणणार. स्टुडिओवाले हसले, पण हो म्हणाले. साबुदाण्याची दाट पेज, त्यात हिरवा रंग आणि किड्यांसाठी शेवया. झाकणाचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन, दोन बस बदलून त्या गोरेगावला न्यायच्या. पहिल्या दिवशी मी त्यातली चमचाभर चाखली होती. मावशींनी वेलची घातली होती.

पिक्चर लागला तेव्हा त्यांनी मुलुंडच्या थिएटरला मला सोबत नेलं, काकांना नाही. काका मध्येच झोपतात म्हणून. बाहेर पडताना त्या एखाद्या नवरीसारख्या लाजत चालत होत्या. त्यांना कुणीही ओळखलं नाही. जिन्यात एक माणूस बायकोला म्हणत होता, "कुठून शोधून आणतात असली घाणेरडी बाई?" मावशींनी मला कोपराने ढोसलं. मग फुटपाथवर कुणीतरी पिंक टाकली, त्यांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर, तरी त्या हसत होत्या.

महिनाभरात सगळ्या बिल्डिंगने पिक्चर पाहिला. तळमजल्यावरच्या राणे काकूंनी खालूनच हाक मारली. "काय काम केलंयस गं! दोन दिवस मला जेवण गेलं नाही!" गॅलरीत उभ्या सगळ्याजणी हसल्या. मावशींनी कठड्यावरून वाकून नमस्कार केला. सप्लायर, म्हणजे गर्दीला माणसं पुरवणारा, नव्या कामाचा निरोप घेऊन आला. पुन्हा चेटकीणच, यावेळी संवाद असलेली. मावशींनी त्याला चहा दिला आणि नाही म्हणून परत पाठवला. दिवाळी तोंडावर आली होती. "माझ्या माणसांच्या तोंडचा फराळ काढून मी काय लाळ गाळायला येऊ?"

त्या दिवाळीला माणसं आलीच नाहीत.

कुणी वाईट बोललं नाही, हे मला आधी सांगायला हवं. कुणी गावी जाणार होतं. कुणाच्या नणंदेने पाठवणार म्हणून कळवलं होतं. कुणाला डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. राणे काकूंनी ठाण्याहून डबे मागवले आणि ते पदराखाली झाकून जिन्याने नेले. आमच्याकडे मावशींची चकली आली. आईने ती बशीत काढली, बशी समोर ठेवली आणि बघत बसली.

"मला कळतं गं नाटक आहे ते," आई म्हणाली. "पण हात दिसतो. कोपरापर्यंतचा तो हात. घशाखाली उतरत नाही, काय करू?"

मला आईचा राग आला. मी चकली उचलली. तोंडापर्यंत नेली आणि माझ्याही डोळ्यांसमोर ती तार आली. वेलचीची पेज स्वतः चाखलेली मी, पण माझ्या पोटाला ते माहीत नव्हतं. किळस ही फार मूर्ख गोष्ट असते. तिला काही समजावून सांगता येत नाही.

मावशींना कारण कळलं ते पोरांमुळे. जिन्यात एकाने त्यांच्यासारखी लाळ गाळून दाखवली आणि दुसरा म्हणाला, "ए, तिच्याकडची करंजी खाल्लीस तर पोटात शेवया होतात!" मावशी घरात गेल्या. थोड्या वेळाने मी गेले, तर त्या भरलेल्या डब्यांची झाकणं पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"म्हणजे काम चांगलं झालं म्हणायचं माझं," त्या म्हणाल्या. हसल्याही. पण माझे हात बघायचे त्या दिवशी विसरल्या.

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं ते बघवत नसे. त्या गॅलरीतल्या नळावर हात धुवायला लागल्या. घरात मोरी असताना. सकाळी सगळ्यांची जायची-यायची वेळ साधून, नळ पूर्ण सोडून, साबणाचा फेस कोपरापर्यंत चढवून, सावकाश. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायच्या, "आज पापडाचं पीठ मळायचंय." लोक "हो का" म्हणायचे आणि भिंतीला चिकटून पुढे जायचे. मला त्या लोकांची किळस यायला लागली. त्यांच्या "हो का"ची, पदराखालच्या डब्यांची, चेहऱ्यावर ठेवलेल्या त्या सभ्य हसण्याची.

पुढच्या मे महिन्यात मावशी आणि काका गावी गेले, सावंतवाडीच्या पुढे कुठेतरी. परतून आले नाहीत. खोली विकली गेली. आता तिथे कोण राहतं मला ठाऊक नाही. जाण्याआधीच्या सव्वीस जानेवारीचं मात्र सांगायलाच हवं.

त्या दिवशी बिल्डिंगचा सत्यनारायण असायचा. प्रसादाचा शिरा दरवर्षी मावशींचा. या वर्षी नको, असं सगळ्यांच्या मनात होतं, पण ते तोंडावर सांगणार कोण? कुणीच सांगितलं नाही. मावशी पहाटे न्हाल्या आणि ओल्या केसांनी शिऱ्याला बसल्या. तुपाचा वास तिन्ही मजल्यांवर पसरला.

खाली मांडवात भटजींनी पोथी वाचली. प्रसाद न घेता निघून गेलेल्या राजाचं राज्य कसं बुडालं, ते सगळ्यांनी हात जोडून ऐकलं. मग मावशी पातेलं घेऊन उभ्या राहिल्या. त्या कधी नव्हे त्या पळीने वाढत होत्या, बोट लागणार नाही अशा बेताने. प्रत्येकाने उजवा तळवा पुढे केला, शिरा कपाळाला लावला आणि मूठ मिटली.

मी मुठी बघत होते. एकही मूठ तोंडाकडे गेली नाही. एकेक जण "हात धुऊन येतो" म्हणत पंपाच्या खोलीमागे गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.

माझ्या तळव्यावरचा शिरा मी तोंडात टाकला. मी तो तसाच गिळला. मग जिभेला केळं आणि तूप लागलं आणि कळलं, हा आपला नेहमीचाच शिरा आहे.

पातेलं रिकामं झाल्यावर मावशी ते विसळायला निघाल्या. खालचा नळ पंपाच्या खोलीमागेच होता. त्यांना थांबवावं म्हणून मी मागे धावले, पण हाक काही बाहेर पडली नाही.

गटाराच्या कडेला शिऱ्याचे गोळे पडले होते. काही पेपरच्या कपट्यात गुंडाळलेले, काही नुसतेच. बोटांचे ठसे जसेच्या तसे. एकाला मांजराने नाक लावून सोडलं होतं. लाल मुंग्यांची रांग लागली होती आणि नळाचं गळकं पाणी त्यात शिरत होतं.

मावशी उभ्या राहिल्या. आता ते तोंड होणार म्हणून मी बघत होते. झालं नाही. त्यांनी पातेलं बाजूला ठेवलं, खाली बसल्या आणि नुसत्या हाताने ते सगळं पदरात गोळा करायला लागल्या. माती, केस, मुंग्यांसकट. जमिनीवरचा साधा धागासुद्धा दोन बोटांच्या चिमटीत उचलणारी बाई. मुंग्या मनगटावर चढल्या तरी त्यांनी हात झटकला नाही.

"देवाचं आहे गो," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "गटारात जायला नको. जास्वंदीखाली पुरते."

जास्वंद फाटकाजवळ होती, म्हणजे मांडवातूनच जायचं. मावशी ओला पदर पोटाशी धरून निघाल्या. त्यातून तांबूस पाणी ठिबकत होतं. खुर्च्यांवर मंडळी कॉफी पीत होती. राणे काकूंनी कप खाली ठेवला आणि नाकाला पदर लावला.

"शी शी! काय गं ते पदरात घेतलंयस? मुंग्या बघ! टाक आधी ती घाण!"

सगळे वळले. सगळ्यांच्या नाकपुड्या वर गेल्या. मावशींनी एकेकाकडे पाहिलं आणि पदर आणखी जवळ घेतला. "काही नाही गो," त्या म्हणाल्या. "असंच. सांडलेलं काहीतरी."

मी मावशींच्या बाजूला जाऊन उभी राहिले. माझं तोंड उघडलेलं बघून एक पोरगा आधीच हसायला लागला होता.

"घाण नाही ती, काकू," मी म्हणाले. "प्रसाद आहे. तुम्हीच टाकलात, पंपाच्या मागे."